परसातील गवती चहा

आषाढातील झड लागली, की घरोघरी चहाच्या आधणात एक जास्तीची वस्तू पडू लागते. आले असतेच, त्याच्या जोडीला परसातून चार लांब, हिरव्या पाती कापून आणल्या जातात, त्यांची गुंडाळी करून सैल गाठ मारली जाते आणि ती गाठ उकळत्या पाण्यात सोडली जाते. थोड्याच वेळात स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत लिंबासारखा वास दरवळतो. घरात लिंबू आणलेले नसते, अंगणात लिंबाचे झाडही नसते. वास मात्र लिंबाचाच. ज्या गवताचा हा वास, त्याला महाराष्ट्रात गवती चहा म्हणतात. कोणी त्याला पातीचा चहा म्हणतात, तर गुजरातेत तो 'लीली चा', म्हणजे हिरवा चहा, या नावाने ओळखला जातो. आसामच्या किंवा निलगिरीच्या मळ्यांत वाढणाऱ्या चहाच्या झुडपाशी त्याचे काहीच नाते नाही. ज्वारी, ऊस, बांबू आणि दूर्वा ही त्याची खरी भावंडे होत.

दिसायला हे गवत अगदी साधे आहे. एकाच ठिकाणाहून पुष्कळ फुटवे वर येतात. प्रत्येक फुटव्याच्या बुडाशी पातींची आवरणे एकावर एक घट्ट बसून पांढुरका, टणक दांडा तयार होतो. त्यातून हात-दोन हात लांबीच्या पाती निघतात आणि बाहेरच्या बाजूस कमानीसारख्या वाकतात. फुटव्यांच्या अशा दाट समूहाला बेट म्हणतात. पातीचा रंग किंचित निळसर हिरवा असतो. तिच्या कडेवरून बोट उलट दिशेने फिरवले, तर कातडी सहज कापते. कारण गवताच्या पातींत सिलिका, म्हणजे ज्या द्रव्याची वाळू बनलेली असते तेच द्रव्य, सूक्ष्म रूपाने साठलेले असते आणि कडेवरचे बारीक दाते त्यामुळे कठीण होतात. गवती चहा कापणाऱ्याने पात मुठीत धरून ओढू नये, हे म्हणूनच सांगितले जाते.

बेटाजवळून कोणी गेले, तर वास फारसा येत नाही. एक पात तोडून चुरगळली, की तो एकदम येतो. याचे कारण असे, की वासाचे तेल पातीच्या आतील विशिष्ट पेशींत कोंडलेले असते. पेशी फुटल्याखेरीज ते बाहेर पडत नाही. दाराशी गवती चहा लावला म्हणजे डास फिरकत नाहीत, अशी पुष्कळांची समजूत आहे. पण नुसते उभे असलेले बेट हवेत फारसे तेल सोडतच नाही, मग डासांनी पळावे कशाला? डासांसाठी अंगाला लावावयाचे सिट्रोनेला तेल गवती चहाच्याच एका जवळच्या भाईबंदाचे असते, आणि तेही पाती उकळून, त्यांची वाफ थंड करून काढावे लागते.

लिंबाच्या वासाचे कोडेही येथेच सुटते. लिंबाच्या सालीतील तेलात सिट्राल नावाचे एक द्रव्य असते. तेथे ते थोडेच असते. तरी लिंबाचा म्हणून जो वास ओळखू येतो, तो मुख्यतः या सिट्रालचा. गवती चहाच्या तेलात हेच द्रव्य सुमारे पाऊण भाग असते. म्हणजे दोन अगदी वेगळ्या कुळांतील वनस्पतींनी एकच द्रव्य आपापल्या परीने तयार केले आहे. साबणाला व अत्तरांना लिंबाचा वास देण्यासाठी हे तेल वापरतात. त्यातील सिट्रालवर रासायनिक क्रिया करून व्हायोलेट फुलांच्या वासाचे द्रव्य बनवता येते आणि त्याच वाटेने पुढे जाऊन कारखान्यांत 'अ' जीवनसत्त्वही तयार करता येते. शंभर किलो ताज्या पाती उकळल्या, तर अर्धा किलो तेलसुद्धा मोठ्या मुश्किलीने निघते. तरीही ते काढणे परवडते, इतकी त्याला मागणी असते.

हे गवत घरी लावावे असे वाटले, तर पहिला प्रश्न बियाण्याचा येतो. मेथी, धने, तुळस, झेंडू ही सारी बियांपासून होतात. तेव्हा गवती चहाचेही मूठभर बी आणून पेरावे, असे कोणाच्याही मनात येईल. पण परसातील गवती चहाला फुलोरा क्वचितच येतो आणि आला तरी त्यात रुजेल असे बी धरत नाही. वर्षानुवर्षे ज्या घरी बेट आहे, त्या घरच्या वृद्ध माणसांनीही त्याचे फूल पाहिलेले नसते. केरळात तेलासाठी जो गवती चहा पूर्वापार पिकवला जातो, त्याची जात निराळी. तिला तुरे येतात व बीही धरते. ते तेल कोचीन बंदरातून परदेशी जाई, म्हणून व्यापारात त्याला कोचीन तेल असे नाव पडले. त्याच प्रांतात ओडक्काली येथे १९५१ साली या गवताच्या अभ्यासासाठी एक संशोधन केंद्रही सुरू झाले. दुकानात गवती चहाचे बी म्हणून जे मिळते, ते बहुधा या केरळच्या जातीचे असते. वास त्यालाही चांगला असतो. पण आजीच्या परसातला गवती चहा तो नव्हे.

१९०६ साली ऑटो स्टाफ या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारत आणि श्रीलंका येथील सुगंधी तेलाच्या गवतांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रोशा गवत, सिट्रोनेला आणि निरनिराळे गवती चहा त्याने एकमेकांपासून वेगळे करून दाखवले. खानदेशात व निमाडात ज्याचे तेल काढण्याचा धंदा जुना आहे, ते रोशा गवत रानात डोंगरउतारावर आपोआप उगवते. घरगुती गवती चहा मात्र रानात असा आपोआप वाढलेला सापडत नाही. तो सापडतो तो परसात, विहिरीच्या काठी, शेताच्या बांधावर. म्हणजे जेथे कोणीतरी तो लावला आहे अशाच जागी. दक्षिण आशियात आणि आग्नेय आशियात तो फार पूर्वीपासून माणसाच्या सोबतीने राहिला आहे. थायलंड, व्हिएतनाम आणि इंडोनेशिया या देशांत त्याचा चहापेक्षा स्वयंपाकात अधिक उपयोग होतो. तेथे पातींपेक्षा बुडाच्या पांढऱ्या दांड्याला मोल आहे. तो ठेचून कढणात व रश्शात घालतात.

बी नाही आणि रानही नाही, तर मग हे गवत इतकी शतके टिकले कसे? कोणीतरी बेट फोडले, त्यातील एक फुटवा शेजारी दिला. शेजाऱ्याने तो लावला, वाढवला आणि पुढे तिसऱ्याला दिला. गवती चहाचा सारा वंश हा असा हातोहात चालत आलेला आहे. एखाद्या वाडीतील सगळी बेटे पुष्कळदा एकाच घरून गेलेली असतात, आणि शास्त्रदृष्ट्या पाहिले तर ती वेगवेगळी झाडेच नसतात. ते एकाच झाडाचे तुकडे असतात. गुण एक आणि दोषही एकच. बेट उन्हाळ्यात वाळून गेले, तर त्या जागी बी पडून पुन्हा काही उगवेल अशी आशा नसते. आंबा मेला तरी त्याची कोय उरते. गवती चहाचे बेट मेले, म्हणजे ते त्या घरातून गेलेच. पुन्हा हवे असेल तर कोणाच्या तरी दारी जाऊन मागावे लागते. म्हणून ते केव्हा फोडावे व कसे लावावे, हे ज्याला नीट ठाऊक आहे त्याच्याच परसात ते टिकते.

बेट फोडून वेगळ्या केलेल्या, थोडी मुळे असलेल्या फुटव्याला ठोंब म्हणतात. ठोंब लावण्यास उत्तम काळ म्हणजे पावसाळ्याचा आरंभ. ७ किंवा ८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते. त्यानंतर पहिले दोन-तीन चांगले पाऊस पडून जमीन वीतभर खोल भिजली, की लावणीला हरकत नसते. कोकणात ही वेळ बहुधा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येते, विदर्भात काही दिवस उशिरा. पंचांगातील तारखेपेक्षा जमिनीची ओल पाहणे अधिक बरे. केवळ वळवाच्या एका सरीने फसून लावणी करणाऱ्याला पुढचे दहा दिवस झारी घेऊन उभे राहावे लागते.

पावसाळाच का, हे समजून घेण्यासारखे आहे. बेटातून फुटवा वेगळा करताना त्याची बहुतेक मुळे तुटतात. पाती मात्र तशाच राहिल्या, तर त्यांतून पाण्याची वाफ पूर्वीसारखीच उडत राहते. खालून पाणी येणे जवळजवळ बंद आणि वरून खर्च चालूच, अशी ठोंबाची अवस्था होते. एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या, तापलेल्या हवेत हा खर्च इतका मोठा असतो, की नवी मुळे फुटण्यापूर्वीच ठोंब सुकतो. पावसाळी हवेत मुळातच बाष्प भरपूर असते, त्यामुळे पातींतून पाणी कमी उडते. शिवाय उन्हाळ्याने तापलेली जमीन अजून उबदार असते आणि उबदार, ओल्या मातीत मुळे लवकर फुटतात. हिवाळ्यात हवा कोरडी आणि माती थंड. तेव्हा लावलेला ठोंब मरेलच असे नाही, पण आठवडेच्या आठवडे तो तसाच बसून राहतो. नाशिक किंवा पुणे भागात डिसेंबर-जानेवारीत मोठ्या बेटाचीही वाढ मंदावते, मग नव्या ठोंबाची कथा काय? ज्यांच्याकडे रोज पाणी घालण्याची सोय आहे, त्यांना थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीच्या अखेरीस लावता येते. परंतु मग सारा उन्हाळा त्याची राखण करावी लागते.

उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी गेलेल्या मुलांच्या बाबतीत नेमकी हीच अडचण येते. सुटी मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी संपते. निघताना आजी परसातील बेटाचा एक लचका काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून नातीच्या पिशवीत ठेवते. गाडीतून सात-आठ तासांचा प्रवास होतो. घरी पोचल्यावर नात मोठ्या हौसेने ठोंब लांब पातींसकट कुंडीत लावते, कुंडी उन्हात ठेवते आणि दिवसातून तीनदा पाणी घालते. चौथ्या दिवशी पाती तांबूस पिवळ्या होतात, आठव्या दिवशी दांडा मऊ पडतो. मुलीला वाटते, आपल्या हातालाच गुण नाही. वस्तुतः तिने पाणी घालण्यात कसूर केलेली नसते. फक्त पाऊस यायला अजून दहा-पंधरा दिवस असतात आणि कापून टाकायच्या पाती तशाच राहिलेल्या असतात.

अशा वेळी ठोंब मातीत लावण्याची घाई करू नये. त्याच्या पाती वीतभर ठेवून बाकीच्या कात्रीने कापाव्यात. बुडाची वाळलेली आवरणे सोलून काढावीत आणि दांडा काचेच्या पेल्यात, बुडाची दोन-तीन सेंटिमीटरच बुडतील इतक्या पाण्यात उभा करावा. पेला खिडकीपाशी, उजेड येईल पण कडक ऊन लागणार नाही अशा जागी ठेवावा आणि पाणी दिवसाआड बदलावे. आठवड्या-दोन आठवड्यांत बुडाशी पांढरी, ताठ मुळे दिसू लागतात आणि मधून एक कोवळी पात वर सरकते. तोवर पाऊसही आलेला असतो. बाजारात भाजीवाल्याकडे गवती चहाची जुडी मिळते, तीतही कधीकधी बुडासकट काढलेले दांडे असतात. बूड शाबूत असेल, तर तेदेखील याच रीतीने मुळे धरतात. नुसत्या पाती आणून मात्र काही होत नाही. मुळे फुटतात ती दांड्याच्या अगदी तळाशी असलेल्या आखूड पेरांतून, आणि पातीला पेर नसते.

आता प्रत्यक्ष लावणीकडे वळावे. बेट निदान एक वर्षाचे असावे. प्रथम त्याच्या साऱ्या पाती जमिनीपासून वीतभर उंचीवर कापून घ्याव्यात. कापण्यापूर्वी लांब काठीने बेट दोन-चार वेळा हलवावे. दाट पातींच्या गारव्याला बेडूक, सरडे आणि क्वचित सापही आसरा घेतो. मग कुदळीने किंवा पहारीने एका बाजूची माती सैल करून बेटाचा तेवढाच भाग मुळांसकट उचलावा. सगळे बेट एकदम उपटण्याची गरज नसते. उचललेला भाग हातांनी फोडला, की फुटवे सुटे होतात. बाहेरच्या कडेचे फुटवे तरुण व जोमदार असतात, तेच लावणीसाठी निवडावेत. बुडाशी मुळे मुळीच नसतील असा फुटवा बाजूला ठेवावा. फार लांब मुळे तीन-चार बोटे राखून छाटली, तरी चालते. त्यांच्या जागी नवी फुटतात.

जागा उन्हाची हवी. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळाले, तर बेट भरघोस होते; सावलीत पाती लांब, पण मऊ आणि फिक्या निघतात व वासही कमी राहतो. पुष्कळ घरी गवती चहा न्हाणीच्या सांडपाण्यापाशी लावलेला असतो. पाणी वाहून जात असेल, तर ती जागा वाईट नाही. पाणी तेथेच साचून डबके होत असेल, तर मात्र मुळे कुजतात. गवती चहाला पाणी आवडते, पण पाण्यात उभे राहणे आवडत नाही. भाताला जे मानवते ते त्याला मानवत नाही. कोकणात जुलै महिन्यात दिवसेंदिवस धो धो पाऊस पडतो. तेथे जमिनीपेक्षा वीतभर उंच असा मातीचा उंचवटा करून त्यावर ठोंब लावणे शहाणपणाचे ठरते. देशावरील काळ्या, चिकट मातीतही तीच युक्ती उपयोगी पडते. शिवाय त्या मातीत थोडी वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा.

खड्डा वीतभर खोल आणि तेवढाच रुंद पुरतो. निघालेल्या मातीत एक-दोन ओंजळी चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. येथे 'चांगले कुजलेले' या शब्दांना महत्त्व आहे. ताजे शेण मुळांशी घातले, तर ते कुजताना तापते आणि त्यात हुमणीच्या अळ्या येण्याची भीती असते. त्या मुळे कुरतडतात आणि वरून पाहणाऱ्याला बेट का वाळते ते उमगत नाही. खड्डा मातीने बराचसा भरून घेऊन त्यात दोन ठोंब शेजारी शेजारी उभे करावेत. दोन का, तर एक दगावला तरी जागा रिकामी राहत नाही. ठोंब चार बोटांपेक्षा खोल पुरू नये; खोल पुरलेला ठोंब पावसाच्या पाण्याने कुजतो. भोवतीची माती पायाने न तुडवता हातानेच घट्ट दाबावी. एकाहून अधिक बेटे करावयाची असतील, तर दोघांत साठ सेंटिमीटर, म्हणजे साधारण सव्वा हात अंतर ठेवावे. लावताना ते अंतर फारच वाटते. दुसऱ्या पावसाळ्यात ते पुरत नाही.

पाती कापून लावण्याचे महत्त्व ज्याला तोंडी सांगून पटत नाही, त्याने एकाच बेटातील सारख्या जाडीचे दोन ठोंब घ्यावेत. एकाच्या पाती वीतभर राखून कापाव्यात, दुसऱ्याच्या तशाच ठेवाव्यात आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच वाफ्यात लावावेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत पहिला ठोंब बोडका, दरिद्री दिसतो आणि दुसरा डौलदार. पंधरवड्यानंतर दोहोंकडे पुन्हा पाहावे. कापलेल्या ठोंबातून बहुधा नवी पात सुरळीसारखी वर आलेली असते. न कापलेल्याच्या पाती वाळून लोंबू लागलेल्या असतात. सतत पाऊस लागला, तर हा फरक थोडा दिसतो. मध्ये चार दिवस उघडीप मिळाली, की तो ठळक होतो.

ज्यांच्या घराला परसच नाही, अशांची संख्या शहरांत आता पुष्कळ आहे. सदनिकेच्या गॅलरीत गवती चहा कुंडीत चांगला येतो, मात्र कुंडी मोठी हवी. तीस सेंटिमीटर तोंडाची व तेवढीच खोल कुंडी हे निदान माप होय. जुनी बादली किंवा तेलाचा डबा असला तरी चालतो. तळाला भोके असावीत व त्यांवर खापरीचे तुकडे उपडे ठेवावेत, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती वाहून जात नाही. दोन भाग माती, एक भाग शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण घालावे. कुंडीतील माती लवकर सुकते. उन्हाळ्यात तिला रोज पाणी हवे. बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे. ओल लागली नाही, तर पाणी घालावे. पावसाळ्यात मात्र कुंडीखाली ताटली ठेवू नये.

लावल्यापासून तीन-चार महिन्यांनी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, पहिली कापणी करता येते. पुढे साधारण दोन-दोन महिन्यांनी ती करत जावी. थंडीत थोडे अधिक थांबावे. विळ्याने किंवा कात्रीने जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर उंची राखून कापावे. इतकी उंची राखण्यामागे एक कारण आहे. आंब्याचा किंवा पेरूचा वाढणारा कोंभ फांदीच्या टोकाशी असतो. टोक खुडले, की ती फांदी तेथे थांबते. गवताचा वाढणारा कोंभ बुडाशी, आवरणांच्या आत लपलेला असतो. गाई-म्हशींनी कुरण वरून चरून टाकले तरी ते पुन्हा वाढते, ते यामुळेच. गवती चहाही वरून कितीदा कापला तरी कोंभ शाबूत असतो आणि आतून नवी पात वर ढकलत राहतो. पण विळा जमिनीलगत फिरवला, तर कोंभच कापला जातो आणि तो फुटवा संपतो. घाईत ओढून पात तोडणाऱ्याच्या हातीही पुष्कळदा पातीऐवजी सबंध फुटवा येतो. चहापुरत्या चार पाती हव्या असतील, तर बाहेरच्या बाजूच्या पक्व पाती कात्रीने घ्याव्यात. त्यांत वास भरपूर असतो.

या गवताला कीड फारशी लागत नाही. दाटी झाली आणि हवा दमट राहिली, तर पातींवर तांबेऱ्याचे विटकरी ठिपके पडतात. अशा पाती कापून परसाबाहेर टाकाव्यात, बेटाच्या बुडाशी पसरू नयेत. शेजारच्या बेटावरही तोच रोग तितक्याच सहजपणे येतो. सगळी बेटे मुळात एकच झाड असल्यावर एकाला जे सोसत नाही, ते दुसऱ्याला तरी कसे सोसावे! ज्या देशांत हिवाळ्यात बर्फ पडते, तेथे तर बेट उघड्यावर जगतच नाही. तेथे कुंडी घरात आणून ठेवावी लागते. महाराष्ट्रात ती अडचण नाही. येथे मार्च ते मे हेच बेटाच्या कसोटीचे महिने. मुळांभोवती आळे करून त्यात वाळलेला पालापाचोळा पसरला आणि आठवड्यातून दोनदा पोटभर पाणी मिळाले, तर वरून वाळल्यासारखे दिसणारे बेटही आतून हिरवे राहते.

सर्दी-पडशात गवती चहा, आले आणि तुळस यांचा काढा घेण्याची रीत सर्वत्र आहे. गरम काढ्याने घशाला आराम वाटतो, हे खरे. ताप अंगात मुरला असेल, तर मात्र काढ्यावर विसंबून वैद्याकडे किंवा डॉक्टरांकडे जाण्याचे टाळू नये. चहात पाती घालण्यापूर्वी त्या स्वच्छ धुवाव्यात आणि चहा गाळून घ्यावा. पातीचा एखादा धारदार तुकडा घशात जाणे बरे नव्हे. पाती सावलीत वाळवून बरणीत भरून ठेवल्या, तर काही महिने टिकतात. उन्हात वाळवल्या, तर तेल उडून जाते आणि मागे उरते ते निव्वळ वाळके गवत.

तीन-चार वर्षे झाली, की बेटाचा मध्यभाग पोकळ होऊ लागतो. जुने फुटवे मधे वाळतात, नवे कडेने वाढत जातात आणि बेटाला कड्यासारखा आकार येतो. मुळांना मोकळी माती उरत नाही, पाती आखूड व बारीक निघतात. बेट फोडायची वेळ झाल्याची ही खूण होय. मृगाचा पाऊस झाला, की ते सबंध खणून काढावे, मधला वाळका भाग टाकून द्यावा, जागेवर ताजे शेणखत न घालता जुने खत व नवी माती घालावी आणि कडेचे दोन-तीन जोमदार ठोंब तेथे पुन्हा लावावेत. तरी वीस-पंचवीस ठोंब हातात उरतातच. ते फेकून देण्याची चाल नाही. शेजारी, शाळेच्या बागेसाठी, गावाहून आलेल्या पाहुण्यांना ते वाटले जातात. पाती वीतभर राखून कापल्या आणि मुळे ओल्या गोणपाटात गुंडाळली, तर ठोंब दोन-तीन दिवस सहज तग धरतो. तेवढ्या वेळात एस.टी.ने राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो जाऊन पोचतो. गोणपाट वाटेत एकदा पाण्याने शिंपडावा आणि पोचल्यावर ठोंब त्याच संध्याकाळी मातीत लावावा.